जकातीच्या वहीतील कोडी

पोर्तुगीज दर्यावर्दी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले ते १५०० साली. मग त्याहून कितीतरी जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘ब्राझील’ हा शब्द कसा आढळतो? यावरून कोलंबसापूर्वीच अमेरिकेशी व्यापार चालत होता, असा सिद्धान्त मांडण्याचा मोह उतावळ्या वाचकाला व्हावा. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘ब्राझील’ हे मुळात पूर्वेकडून येणाऱ्या, तांबडा रंग देणाऱ्या लाकडाचे नाव. आपल्याकडे त्याला पतंग म्हणतात. तशाच जातीचे लाकूड नव्या भूमीत विपुल सापडले आणि मालाचे नाव देशाला चिकटले.

मध्ययुगीन इंग्लंडमधील बंदरांचे जकातीचे हिशेब आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. त्यांची भाषा लॅटिन, तीही संक्षेपांनी भरलेली; मालाची नावे मात्र अनेकदा फ्रेंच वा इंग्रजी. आकडे रोमन, आणि काही मालांच्या बाबतीत ‘शंभर’ म्हणजे १२०. अशा वहीत शब्दकोशातील आजचा अर्थ घेऊन शिरणारा हमखास फसतो. ‘स्कार्लेट’ हे तेव्हा भारी किमतीच्या लोकरी कापडाचे नाव होते. ‘ग्रेन’ म्हणजे धान्य असेलच असे नाही. दाण्यासारख्या दिसणाऱ्या किड्यांपासून केलेल्या रंगालाही तोच शब्द होता. ‘ट्रीकल’ म्हणजे आजची काकवी. त्या काळी ते विषावरील औषध होते. ‘कोलंबाइन’ सुंठीचा त्या नावाच्या फुलाशी काही संबंध नाही. ती केरळातील कोल्लम बंदराची सुंठ. गॅलिंगेल म्हणजे कुळिंजन, झेडोअरी म्हणजे कचोरा, क्यूबेब म्हणजे कंकोळ.

ही कोडी केवळ तर्काने सुटत नाहीत. माल वजनावर नोंदला आहे की नगावर, त्याची किंमत किती, गलबत कोठून आले, सोबत आणखी कोणता माल होता, हे सारे पडताळावे लागते. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने १३४० च्या सुमारास लिहिलेल्या व्यापारविषयक पुस्तकाशी ताडून पाहिल्यास पुष्कळ नावांचा उलगडा होतो.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. परंतु त्या काळचे लोक काय खात, काय नेसत, कोणती औषधे घेत आणि त्यांचा पैसा कोणत्या देशाकडे जाई, याची उत्तरे या शब्दांवरच उभी आहेत. शब्द चुकला की त्यावर रचलेला इतिहासही चुकतो. म्हणूनच जुना कागद वाचताना ओळखीचा वाटणारा शब्दच अधिक साशंकतेने वाचावा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सदैव ध्यानात ठेवावे.