विक्री वाढतेय, पण वाढीचा वेग? धंद्यातला इन्फ्लेक्शन पॉइंट

बीबीएला असताना कॅल्क्युलस म्हणजे पास होण्यापुरतं पाठ करायचं, एवढंच मला माहीत होतं. त्याची किंमत मी नंतर दुकानात मोजली. तीच गोष्ट आज सांगतो.

दुकानात नवीन मसाल्याचे बॉक्स ठेवले. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे थोडे सुबक केलेत. पहिल्या महिन्यात 8 बॉक्स गेले, दुसऱ्यात 28, तिसऱ्यात 54. मी खूश! महिन्याची वाढ बघा: 8, 20, 26. मला वाटलं, आता पुढे 32, 38, 44 अशी वाढ होणार. म्हणजे तीन महिन्यांत 86, 124 आणि 168 बॉक्स. एकूण 378 बॉक्स 90 दिवसांच्या उधारीवर उचलले.

प्रत्यक्षात विकले गेले 80, 100 आणि 108. एकूण 288. उरले 90 बॉक्स. 600 रुपयांचा एक, म्हणजे 54,000 रुपये माल होऊन गोडाऊनमध्ये पडले, आणि उधारी फेडायची तारीख दारात उभी!

गंमत म्हणजे विक्री एकाही महिन्यात घटली नव्हती. मग चुकलं कुठे?

वाढीचे सगळे आकडे ओळीने लिहा: 8, 20, 26, 26, 20, 8. आधी वाढ स्वतःच वाढत होती. ग्राफ काढला तर तिथे रेषा सुलट्या वाटीसारखी वर वळते. नंतर विक्री वाढते, पण वाढ कमी होत जाते. तिथे रेषा पालथ्या वाटीसारखी होते. ग्राफचा हा बाक म्हणजे कॉनकॅव्हिटी. आणि सुलटी वाटी जिथे पालथी होते, तो इन्फ्लेक्शन पॉइंट.

आता गणित. माझे आकडे y = 9x² − x³ या सूत्रात बसतात, x म्हणजे महिना. पहिला डेरिव्हेटिव्ह 18x − 3x², हा विक्री वाढण्याचा वेग. दुसरा डेरिव्हेटिव्ह 18 − 6x, हा त्या वेगातला बदल. x तीनपेक्षा कमी असेल तर तो धन, जास्त असेल तर ऋण. म्हणजे बाक बदलला तिसऱ्या महिन्यात. नेमकी तेव्हाच मी मोठी ऑर्डर दिली!

एक काळजी घ्या. दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला म्हणजे झालं, असं नाही. त्याचं चिन्ह बदललं पाहिजे. y = x⁴ मध्ये x = 0 ला तो शून्य होतो, पण दोन्ही बाजूंना धनच राहतो. तिथे इन्फ्लेक्शन पॉइंट नाही.

बेल्जियमचे गणिती वेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये लोकसंख्येसाठी जो एस आकाराचा वक्र मांडला, त्यात बाक कमाल मर्यादेच्या बरोबर निम्म्यावर बदलतो. माझ्याकडेही 54 हे 108 च्या निम्मेच निघाले. प्रत्येक मालाचं असंच होईल असं मात्र धरून चालू नका.

मग करायचं काय? वहीत तीन रकाने आखा: विक्री, वाढ, आणि वाढीतला फरक. माझा तिसरा रकाना 12, मग 6 असा उतरत होता. इशारा ऑर्डर देण्याआधीच समोर होता, मीच पाहिला नाही. दिवाळीसारखा सणाचा महिना असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, नाहीतर रकाना फसवेल.

तिसरा रकाना उतरायला लागला की माल बंद करू नका, फक्त ऑर्डर छोटी आणि उधारी कमी करा. विक्री वाढताना हात आखडता घेणं जड जातं, पण गोडाऊनमध्ये अडकलेला पैसा त्याहून जड असतो.