कागदावरील खूण

‘फुलस्केप’ कागद आपण नेहमीं मागतों. परंतु या शब्दाचा अर्थ काय, याचा विचार थोड्यांनींच केला असेल. त्याचा मूळ अर्थ ‘विदूषकाची टोपी’ असा आहे. युरोपांतील कागद करणारे एके काळीं आपल्या कागदांत घुंगरांच्या टोपीचें चित्र उमटवीत. पुढें तें चित्र गेलें. पण त्या मापाच्या कागदास टोपीचें नांव कायमचें चिकटलें.

हें चित्र उमटे कसें? ज्या जाळीवर लगदा उचलावयाचा, तिच्यावर बारीक तारेची आकृति शिवीत. तारेवर लगदा पातळ बसे, आणि वाळलेला कागद उजेडाकडे धरला असतां तेवढी आकृति स्पष्ट दिसे. यासच जलचिन्ह म्हणतात. ही युक्ति तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील फाब्रिआनो गांवीं निघाली. आपल्याकडे हेंच काम गांवाच्या नांवानें होई. जुन्नरी, दौलताबादी अशा नांवांनीं पेशवाईंत कागदाची पारख होत असे.

आतां अशी कल्पना करा कीं, एक आई व तिची मुलगी घरीं हातकागदाच्या वह्या व पाकिटें करितात. गिरणीच्या मालाशीं किंमतींत स्पर्धा करणें त्यांस शक्य नाहीं. एखाद्या गृहस्थानें त्यांची वही घेतली, ती त्यास आवडली. परंतु ती कोणी केली हें तिच्यावर कोठेंच नसेल, तर तो पुन्हां त्यांच्याकडे येणार कसा? श्रम त्यांचे, पण ओळख मात्र कोणाचीच नाहीं, असें होतें. म्हणून मालावर खूण हवी.

प्रथम नांव ठरवावें. तें आंखूड व उच्चारावयास सोपें असावें. ‘उत्तम वही’ यासारखें नुसतें गुणवर्णन करणारें नांव उपयोगाचें नाहीं, कारण तें कोणीही वापरूं शकतो, आणि कायद्यानेंही तें सहसा आपल्या एकट्याचें होत नाहीं. नंतर चिन्ह. हातकागद खरखरीत असतो. बारीक नक्षीच्या शिक्क्यांत शाई भरून सारा डाग होतो. यास्तव एखादें पान, पणती किंवा पक्षी, जाड रेषेंत, रुपयाएवढ्या शिक्क्यांत मावेल असें काढावें. मग तोच शिक्का, त्याच रंगांत, वहीच्या मागील पुठ्ठ्यावर, पाकिटाच्या झांकणावर व पावतीवर उमटवावा. दर महिन्यास चिन्ह बदलणारास कोणीच ओळखीत नाहीं.

दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल करूं नये, व आपलें चिन्ह राखावें. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा आपल्या देशांत १९४० सालीं झाला. सध्यां १९९९ चा कायदा लागू आहे. त्यांत कागद व लेखनसाहित्य यांचा वर्ग १६ वा आहे. नोंदणी १० वर्षें चालते व पुढें नवी करून घेतां येते. नोंदणी झालेली नसतां ती झाली आहे असें छापण्यास कायद्यानें मनाई आहे.

परंतु खरी कसोटी निराळीच आहे. एखाद्या वेळीं कागदास खळ कमी बसते, आणि वहीवर शाई फुटते. शंभर वह्या शिवून झाल्या आहेत, घरांत पैशाची निकड आहे. अशा वेळीं आईनें काय करावें? त्या वह्यांवर शिक्का मारला, तर आजची अडचण भागेल. पण ज्या शिक्क्यानें गिऱ्हाईक परत यावयाचें, तोच शिक्का पाहून तें पाठ फिरवील. त्या वह्या शिक्क्यावांचून, दोष सांगून, चित्रांच्या चिकटवह्या म्हणून कमी किंमतींत विकणें हाच मार्ग होय. त्यांत थोडी खोट आहे, पण नांव शाबूत राहतें.

पालकांनीं आपल्या मुलांस एवढें अवश्य सांगावें: शिक्का लाकडाचा किंवा रबराचा असतो; त्यास मोल येतें तें त्याच्याखालच्या मालानें.