चिमूट, मूठ आणि अर्धा शेर : एका औषधाचा भाषिक प्रवास

अत्यंत दरिद्री माणसापर्यंत औषध कसे पोचवावे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकशास्त्राचा किंवा प्रशासनाचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडावे असे त्यात काही आहे, हे सहसा कोणी सुचवीत नाही. प्रस्तुत लेखात ज्या प्रयोगाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो मात्र बव्हंशी भाषेच्या बळावर उभा राहिला आणि जेथे अडखळला तेथेही भाषेपाशीच अडखळला. हा प्रयोग बंगालीच्या प्रदेशातला आहे. परंतु त्यातून उद्भवणारे प्रश्न मराठीलाही परके नाहीत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. पटकीने किंवा तीव्र अतिसाराने माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतडे रोगग्रस्त असतानाही साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास साखरेबरोबर मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, ही गोष्ट १९६०च्या दशकात ढाका आणि कलकत्ता येथील संशोधनातून रुग्णांवर सिद्ध झाली. तोपर्यंत शिरेतून सलाईन देणे हाच उपाय होता आणि त्याला बाटल्या, सुया व प्रशिक्षित हात लागत. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीने पडलेले होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांतून ठेवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले, आणि पद्मविभूषण हा सन्मान त्यांना त्यानंतर, २०२३ साली, मरणोत्तर मिळाला.

बनगावात पिंप होते, तराजू होता, डॉक्टर होते. खेड्यातील झोपडीत यांपैकी काहीच नसते. फजले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९७९ साली सुल्ला भागात लहान प्रमाणावर प्रयोग करून पुढच्या वर्षापासून जो कार्यक्रम हाती घेतला, त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात वस्तू वाटावयाची नव्हतीच. वाटावयाचे होते ते एक वाक्य. तीन बोटांच्या चिमटीत पहिल्या पेरापर्यंत मावेल एवढे मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. बंगालीत ‘एक चिमटि लबण, एक मुठो गुड, आधा सेर पानि’. मराठी वाचकाला यातला ‘पानि’पर्यंतचा प्रत्येक शब्द भाषांतरावाचून कळावा. ‘लबण’ तेवढा आपल्याकडे ग्रंथांत राहिला.

यातील मापांकडे लक्ष दिले पाहिजे. ग्रॅम आणि लिटर ही शास्त्राची भाषा. चिमूट आणि मूठ ही शरीराची मापे असून ती प्रत्येक स्त्रीबरोबर तिच्या हातातच असतात. पण मीठ जास्त पडले तर हाच उपाय बालकाला घातक ठरू शकतो. म्हणून ‘चिमूट’ या शब्दाला पोटशब्द लावावे लागले : किती बोटांची आणि कोठपर्यंत. रोजच्या बोलण्यात ज्या शब्दाची संदिग्धता कोणाला खटकत नाही, तो शब्द येथे प्रयोगशाळेत मोजून पक्का करावा लागला. कोशकारांनाही एवढी काटेकोर व्याख्या क्वचितच करावी लागली असेल.

शिकविणाऱ्या स्त्रिया गावोगाव मुक्काम करीत, एकेका घरी जाऊन आईशी बोलत आणि तिच्याच हातून तिच्याच भांड्यात ते सरबत करवून घेत. लक्षात ठेवण्याचे मुद्दे आरंभी दहा होते, पुढे ते सातांवर आले. १९९०पर्यंत या पद्धतीने सुमारे सव्वा कोटी घरे झाली. बहुसंख्य माता निरक्षर होत्या, त्यामुळे पत्रक छापून भागण्यासारखे नव्हते. सारा भार पाठांतरावर होता. येथे संस्थेने जी युक्ती योजिली ती विलक्षण म्हटली पाहिजे. काही काळ गेल्यावर पर्यवेक्षक निवडक घरी जात, आईला किती मुद्दे आठवतात ते विचारीत, तिने केलेल्या सरबताचा नमुना तपासणीसाठी घेत आणि त्यावर शिकविणारीचे वेतन ठरत असे. शिष्येच्या स्मरणावर गुरूचे मानधन! मौखिक परंपरेवर इतके लेखन झाले आहे, परंतु मौखिक संक्रमणाचा असा रोकडा हिशेब तीत मला अन्यत्र आढळला नाही.

तरीही एक गोष्ट चालकांच्या ध्यानी आली. मातांना मुद्दे आठवत होते, सरबतही बरोबर जमत होते, पण मूल आजारी पडल्यावर ते करणाऱ्या घरांची संख्या आरंभी फारच थोडी होती. याची कारणे शोधताना मानवशास्त्रीय चौकशी झाली. शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांचाच या गुळाच्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या आजारात ते गोळ्या घेत. घरातील पुरुषांना या शिकवणीतून वगळले होते, म्हणून पुढे बाजारात, मशिदींत आणि शाळांत जाऊन त्यांच्याशीही बोलावे लागले.

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत बोलके वाटेल ते कारण निराळेच आहे. शिकवणीत रोगाचे नाव ‘डायरिया’ असे होते. वैद्यकाच्या दृष्टीने हा शब्द सर्व प्रकारच्या अतिसाराला लागू. गावातील बोलीत मात्र चार वेगळे आजार होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला होणारी ‘दुध हागा’, अपचनाची ‘अजीर्ण’, आव पडणारी ‘आमाशा’ आणि पाण्यासारखी, पटकीसदृश ‘डायरिया’. म्हणजे इंग्रजीतून आलेला शब्द बंगाली खेड्यात पोचला होता खरा, पण त्याचा अर्थसंकोच होऊन तो केवळ सर्वांत भयंकर प्रकारापुरता उरला होता. परिणामी मीठगुळाचे पाणी मिळे ते प्रामुख्याने चौथ्या प्रकारात. ‘दुध हागा’मध्ये ते क्वचितच दिले जाई, कारण तो दोष आईच्या दुधाचा, मग औषध आईने घ्यावयाचे! शब्दाच्या अर्थकक्षेत न बसल्यामुळे एखादे बालक औषधाला मुकावे, असे अर्थविज्ञानाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही.

मराठीतही स्थिती फारशी भिन्न नाही. हगवण, ढाळ, मुरडा, आव, पटकी हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत, आणि दात येताना बाळाला होणारे जुलाब हा आजारच नव्हे, असे मानणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ‘जुलाब’ या शब्दाची कथा तर मौजेची आहे. फारसीतील ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. त्याचे अरबी रूप औषधी गोड पेयाला लावले जाऊ लागले. आपल्याकडे तो रेचकाचा वाचक झाला आणि मग रोगाचाच. गोड पाण्याचे नाव त्या रोगाला मिळाले, ज्यावर गोड पाणी हाच उतारा आहे.

औषधाच्या नावांतही दोन भाषांनी दोन वाटा धरल्या. पुढे तयार पाकिटे स्वस्त आणि सुलभ झाली, तेव्हा गरिबाच्या घरी अनेकदा नसणाऱ्या गुळाची अडचण संपली आणि चिमूट-मूठ मागे पडली. त्या पाकिटाला बंगालीत ‘खाबार स्यालाइन’, म्हणजे पोटात घ्यावयाचे सलाईन, असे नाव रूढ झाले. सुई आणि बाटली यांची जी प्रतिष्ठा खेड्यात होती, ती या नावाने अलगद उचलून घेतली. मराठीत ‘जलसंजीवनी’ हा शब्द योजला गेला. त्यामागे शुक्राचार्यांची विद्या आणि हनुमंताचा द्रोणागिरी उभा आहे. सुंदर शब्द खरा, पण तो भिंतीवर आणि पत्रकात अधिक दिसतो. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली बाई डॉक्टरांना अजून ‘एक सलाईन लावा’ असेच म्हणते. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, भारतात अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना हे क्षारजल मिळाल्याची नोंद आहे. उरलेल्यांच्या घरी त्या आजाराला कोणते नाव होते, याची नोंद अशा तक्त्यांत नसते.