वृद्ध मांजराचीं मूत्रपिंडें व घरचें सलाइन

खानदेशांतील शेतकऱ्याच्या घरीं बैल, शेळी व कुत्रें यांच्या जोडीला मांजर बहुधा असतेंच. ज्वारीची कोठी व भुईमुगाचीं पोतीं उंदरांपासून राखण्याचें काम तें वाटीभर दूध व भाकरीचा कुसकरा एवढ्याच वेतनावर करितें. परंतु बैल आजारी पडला तर घरचीं माणसें तत्काळ डॉक्टरकडे धांव घेतात, आणि मांजर आजारी पडलें तर "आतां म्हातारें झालें" असें म्हणून स्वस्थ बसतात. दहाबारा वर्षांच्या मांजराचें हें म्हातारपण म्हणजे पुष्कळदां मूत्रपिंडांचा रोग असतो. तो समूळ बरा होत नाहीं हें खरें. तथापि त्यांतील कष्ट कमी करण्याचा एक उपाय घरच्या माणसांच्या हातीं आहे. पशुवैद्याच्या सल्ल्यानें मांजराच्या त्वचेखालीं सलाइन देणें हा तो उपाय होय. त्याचें कारण, त्याची रीत आणि त्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम मूत्रपिंडांचें काम काय तें पाहूं. मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दोन लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्त त्यांतून गाळलें जातें. शरीराला नको असलेले पदार्थ मूत्रावाटे बाहेर जातात आणि उपयोगी पाणी पुन्हां रक्तांत घेतलें जातें. आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशांतील रानमांजर होते. तेथें पाणी दुर्मिळ. म्हणून थोड्या पाण्यांत पुष्कळ घाण बाहेर टाकण्याची शक्ति त्यांस लाभली, व ती वंशपरंपरेनें आपल्या मांजरासही मिळाली आहे. मांजर पाणी कमी पितें याचें कारण हेंच. उंदीर, पक्षी यांसारख्या भक्ष्यांत सुमारें सत्तर टक्के पाणी असतें, त्यावर त्याची गरज बरीचशी भागते.

वय वाढलें कीं या गाळण्या एकेक करून निकामी होऊं लागतात. निकामी झालेली गाळणी पुन्हां उत्पन्न होत नाहीं. उरलेल्या गाळण्या अधिक श्रम करून काम निभावून नेतात. म्हणून रोग पुष्कळ दिवस लपून राहतो. सुमारें दोन तृतीयांश गाळण्या गेल्या म्हणजे मूत्र घट्ट करण्याची शक्ति कमी होते, आणि सुमारें तीन चतुर्थांश गेल्या म्हणजे रक्तांत विषारी द्रव्यें सांचूं लागल्याचें तपासणींत दिसतें. तोंवर घरच्या माणसांच्या ध्यानांत एवढेंच येतें कीं, मांजर पूर्वीपेक्षां जास्त पाणी पितें व जास्त मुततें. पुढें तें वाळूं लागतें, अन्नाचा वास घेऊन तोंड फिरवितें, ओकतें, त्याच्या तोंडाला दुर्गंधि येते, आणि जें मांजर दिवसांतून दहा वेळां अंग चाटीत असे, त्याचे केस राठ व विस्कटलेले दिसूं लागतात.

नंदुरबारच्या आसपास हंगामांत लाल मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या आमच्या वाचकांनीं पाहिल्याच असतील. रसरशीत मिरची उन्हांत पडून राहिली कीं आंतील पाणी उडून जातें, साल सुरकुततें व वजन घटतें. मूत्रपिंडें थकलेल्या मांजराच्या देहांत असेंच कांहीं घडत असतें. तें कितीही प्यालें तरी मूत्रावाटे त्याहून अधिक पाणी जातें, आणि देह आंतून कोरडा पडतो. कोरडेपणानें भूक मंदावते, मळ घट्ट होतो, रक्ताचा पुरवठा कमी पडून उरलींसुरलीं मूत्रपिंडेंही अधिक बिघडतात. त्यांत आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. ज्या मांजराचा हिवाळा बरा गेला, तें उन्हाळ्यांत एकाएकीं खालावतें याचें नवल वाटावयास नको.

येथें एक इशारा दिला पाहिजे. मधुमेहांतही मांजर पुष्कळ पाणी पितें, व गळ्यांतील एका ग्रंथीच्या विकारांत चांगलें खाऊनही वाळतें. म्हणून केवळ लक्षणांवरून रोगाचें नांव ठरवूं नये. रक्त व मूत्र तपासून, रक्तदाब मोजून आणि हृदय ऐकून पशुवैद्यानेंच तें ठरविलें पाहिजे.

आतां सलाइनकडे वळूं. पटकीच्या सांथींतून ही विद्या जन्मास आली. स्कॉटलंडमधील लीथ या बंदरांत १८३२ सालीं डॉ. थॉमस लॅटा यांनीं पटकीनें मरणोन्मुख झालेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेंत क्षारयुक्त कोमट पाणी सोडलें. थोड्याच वेळांत तिच्या निस्तेज मुद्रेवर तेज आलें. बाई वांचली असें समजून डॉक्टर निघून गेले. परंतु जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी पुन्हां कोणी दिलें नाहीं, आणि कांहीं तासांत ती मरण पावली. या एका उदाहरणांत दोन धडे आहेत. पाण्यानें गेलेला जीव परत आल्यासारखा दिसतो हा पहिला. आणि झीज चालू असेपर्यंत पाणी देणेंही चालूच ठेविलें पाहिजे हा दुसरा. आमच्या विषयाला हा दुसरा धडा विशेष लागू पडतो.

पुढें लंडनमध्यें सिडनी रिंगर यांनीं १८८२ च्या सुमारास बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविलें कीं, मीठपाणी एकटें पुरत नाहीं, त्यांत थोडें कॅल्शियम व पोटॅशियमही लागतें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनीं त्यांत लॅक्टेटची भर घातली. हेंच आज रिंगर लॅक्टेट या नांवानें औषधांच्या दुकानांत बाटल्यांतून मिळतें, आणि मांजरांसाठींही पशुवैद्य बहुधा हेंच सांगतात.

माणसास सलाइन शिरेंत देतात, मग मांजरास त्वचेखालीं कां, असा प्रश्न कोणी विचारील. शिरेंत पाणी देण्यास दवाखान्यांतील देखरेख लागते. अत्यवस्थ मांजरास तेंच योग्य होय. परंतु स्थिर झालेल्या मांजरास महिनोन् महिने पाणी द्यावयाचें असतें. मांजराच्या मानेमागील कातडी सैल असते. तिच्या खालीं सोडलेलें पाणी कांहीं तासांत हळूहळू रक्तांत शोषलें जातें. हें काम शिकविल्यावर घरचा माणूस करूं शकतो.

आमच्या जिल्ह्यास तर याची विशेष गरज आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. त्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या डोंगरांत वसलेला. येथील पशुवैद्यांचा बहुतेक वेळ गाई, बैल, शेळ्या व कोंबड्या यांत जातो, व तें साहजिकच आहे. धडगांव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरील माणसानें दर दिवसाआड मांजर पिशवींत घालून, घाट उतरून दवाखाना गांठावा, हें शक्य नाहीं. आणि शक्य असलें तरी त्या प्रवासाची धास्तीच आजारी मांजरास भोंवेल. एकदां नीट तपासणी, एकदां नीट शिक्षण, आणि पुढें घरची सेवा, हाच मार्ग व्यवहार्य आहे.

आतां रीत सांगतों. ही वाचून लगेच सुई हातीं घेऊं नये. पशुवैद्याच्या समक्ष एकदोन वेळां करून पाहावें, मगच घरीं करावें. किती पाणी व किती दिवसांनीं, हें त्यांनींच ठरवावयाचें. साधारण चार किलो वजनाच्या मांजरास एका वेळीं ७५ ते १५० मिलिलीटर, व तें रोज किंवा दोनतीन दिवसांआड, असें प्रमाण पुष्कळदां असतें. साखरेचें सलाइन त्वचेखालीं देऊं नये.

बाटली प्रथम उजेडांत धरून पाहावी. पाणी गढूळ दिसलें किंवा मुदत संपलेली असली तर ती टाकून द्यावी. थंड पाणी मांजरास सोसत नाहीं, म्हणून बाटली कांहीं वेळ गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवावी व मनगटाच्या आंतल्या बाजूस थेंब टाकून तें कोमटच आहे याची खात्री करावी. हात साबणानें धुवावे. बाटलीला नळी जोडून ती खुंटीला मांजराच्या अंगापासून सुमारें तीन फूट उंच टांगावी, नळींतील हवा काढून टाकावी व चाकी बंद करावी. सुई दर वेळीं नवी, बंद पाकिटांतील घ्यावी.

मांजरास ओळखीच्या जागीं, गोणपाटावर किंवा मांडीवर, तोंड आपल्यापासून पलीकडे करून बसवावें. एकानें हळू बोलत त्यास कुरवाळावें. दुसऱ्यानें दोन खांद्यांच्या मध्यें कातडी चिमटींत उचलावी, म्हणजे तिचा लहानसा तंबू होतो. त्या तंबूच्या पायथ्याशीं, पाठीच्या रेषेंत, सुई एका दमांत आंत घालावी. भीत भीत टोचल्यानें वेदना अधिक होते. मग चाकी सोडावी. पाणी केसांवर ओघळूं लागलें तर सुई आरपार गेली असें समजावें. रक्त दिसलें तर सुई काढून दुसऱ्या जागीं नवी घालावी. बाटलीवरील रेषांकडे लक्ष ठेवून ठरलेलें पाणी गेलें कीं चाकी बंद करावी, सुई काढावी व ती जागा क्षणभर बोटांनीं दाबून धरावी. सर्व कामास पांचदहा मिनिटें पुरतात. नंतर आवडीचा घांस द्यावा, म्हणजे पुढच्या वेळीं मांजर पळून जाणार नाहीं.

पाठीवर उंटाच्या मदारीसारखा फुगवटा येतो. त्यास भिऊं नये. तो पुढच्या पायांकडे उतरतो व बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत नाहींसा होतो. तो गेला नसेल तर पुढचें पाणी न देतां डॉक्टरांस विचारावें. मांजर धापा टाकूं लागलें किंवा श्वास जलद झाला, तर पाणी तत्काळ थांबवावें. विशेषतः हृदय दुबळें असल्यास जास्त पाणी छातींत सांचून प्राणावर बेततें. जास्त पाणी म्हणजे जास्त आरोग्य, हा समज अगदीं खोटा आहे. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकूं नये. जाड डब्यांत सांठवून दवाखान्यांत द्यावी.

सलाइन हा उपचाराचा एक भाग झाला. घरांत दोनतीन जागीं स्वच्छ पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, अन्न ओलसर द्यावें, खारविलेली सुकट बंद करावी. ज्या अन्नांत फॉस्फरस कमी तें हितकर. परंतु उपाशी राहण्यापेक्षां मांजरानें कांहीं खाल्लेलें बरें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधींही देऊं नयेत. पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धां मांजराचा जीव घेऊं शकते. आठवड्यास एकदां वजन करून तें वहींत मांडावें; त्याच वहींत पाण्याचें प्रमाण, भूक व ओकारी यांची नोंद असावी. डॉक्टरांस या वहीचा फार उपयोग होतो.

शेवटीं एक प्रश्न उरतो. जेथें माणसासही डॉक्टर वेळेवर मिळत नाहीं, तेथें मांजरासाठीं एवढा खटाटोप कां करावा? आमच्या मतें हा प्रश्न विचारणें गैर नाहीं. ज्या घरास खर्च झेपत नाहीं, त्यानें ओलें अन्न, सांवली व स्वच्छ पाणी दिलें तरी तें निष्ठुर ठरत नाहीं. परंतु ज्यास थोडें करतां येतें त्यानें तेवढें करावें. कारण ज्या मुक्या प्राण्यानें आपल्या उंबऱ्याबाहेर दुसरा आश्रय पाहिला नाहीं, त्याचा भार दुसरा कोण घेणार?

पाणी देऊन गेलेल्या गाळण्या परत येत नाहींत. मिळतात ते कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें. त्या दिवसांत मांजर खातें, अंग चाटतें, ओळखीच्या पायांशीं येऊन बसतें, तोंवर सुई सार्थ आहे. तें अन्न सोडून कोपऱ्यांत दडूं लागलें आणि पाणी देऊनही सुधारत नाहींसें झालें, म्हणजे डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलून त्यास वेदनारहित शेवट द्यावा कीं नाहीं याचा विचार करावा. केव्हां आरंभ करावा हें जसें विद्येनें कळतें, तसें केव्हां थांबावें हेंही कळलें पाहिजे. शुश्रूषेचा हा अर्धा भाग पुष्कळदां राहून जातो.