आमराईतील रहिवासी

मे महिन्यात शाळांना सुटी लागली, की मुंबई-पुण्याकडील कितीतरी कुटुंबे कोकणात उतरतात. कुणाचे आजोळ तेथे असते, तर कुणी केवळ हवापालटासाठी येतात. देवगड किंवा रत्नागिरी गाठल्यावर मुलांचा पहिला हट्ट ठरलेलाच असतो. तो म्हणजे आंब्याच्या बागेत जाण्याचा. वडील मंडळी शिदोरी आणि पाणी बरोबर घेऊन सकाळीच निघतात, कारण ऊन चढल्यावर तेथील कातळ तव्यासारखा तापतो.

जांभ्या दगडांच्या गडग्यातून आत पाऊल टाकले, की सर्वांची दृष्टी साहजिकच वर, फळांकडे जाते. पण बागेत झाडांखेरीज आणखीही बरेच कोणी राहत असते. गोठ्यात गाय आणि तिचे वासरू असते. कोंबड्या पाचोळा उकरीत हिंडतात. राखणीचा कुत्रा भुंकत पुढे येतो आणि मालकाने हाक मारताच शेपूट हलवू लागतो. धाकटी मुले तर आंबे विसरून वासराभोवतीच गोळा होतात. या वासराचा आणि आंब्याचा संबंध आहे, हे त्यांना सांगूनही प्रथम खरे वाटत नाही. देवगडकडील पुष्कळ कलमे कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरची माती भरून लावलेली आहेत. अशा झाडाला कस मिळायचा तो खतातून. पूर्ण वाढलेल्या कलमाला पावसाळ्याच्या आरंभी सुमारे ५० किलो शेणखत घालतात. गोठा रिकामा झाला, की हेच खत विकत आणावे लागते.

गाय निदान डोळ्यांना दिसते. बागेचे सर्वांत मोठे काम करणारे जीव मात्र मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांना भेटतच नाहीत, कारण त्यांचा हंगाम थंडीत होऊन गेलेला असतो. हापूसला त्या दिवसांत मोहोर येतो. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी कधी हजाराहूनही अधिक फुले असतात. त्यांतील पुष्कळशी केवळ नरफुले असतात. ज्या फुलांत स्त्रीकेसरही असतो, त्यांनाच फळ धरू शकते. त्यासाठी पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जावा लागतो. आंब्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्यावर त्याचा फारसा भरवसा ठेवता येत नाही. हे काम कीटक करतात. त्यांत मधमाश्या असतात. पण मोठा वाटा उचलतात त्या नाना जातींच्या साध्या माश्या! घरात जिला हाकलण्यासाठी सारे धडपडतात, तिचीच ही भावंडे. ऑस्ट्रेलियातील काही बागायतदार तर मोहोराच्या दिवसांत बागेत मुद्दाम सडके मांस किंवा मासळी ठेवून माश्यांना आमंत्रण देतात. एवढे होऊनही शंभर फुलांमागे एक फळसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही.

येथेच बागायतदाराची खरी अडचण सुरू होते. मोहोरावर तुडतुडे नावाचे बारीक किडे येतात. ते कोवळ्या देठांतील रस शोषतात आणि चिकट द्रव टाकतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढून मोहोर काजळल्यासारखा होतो. त्यांना आवरण्यासाठी औषध फवारावे लागते. परंतु औषधाला तुडतुडा कोणता आणि माशी कोणती, हे कळत नाही. फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी केली, तर शत्रूबरोबर मित्रही मरतो. म्हणून त्या काळात शक्यतो फवारू नये, असे शेतीतज्ज्ञ सांगतात. सल्ला योग्यच आहे. पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच महिन्यांच्या पिकावर अवलंबून असते, त्याला तुडतुडे डोळ्यांदेखत मोहोर खात असताना हात बांधून बसणे किती जड जात असेल, याचीही कल्पना करावी.

फळे काढताना आणखी एका रहिवाशाची ओळख होते. आंबा देठासकट उतरवावा लागतो, नाही तर चीक सांडून सालीवर डाग पडतात. त्यासाठी लांब काठीच्या टोकाला पाते आणि जाळीची पिशवी बसवलेला झेला वापरतात. गडी फांदीवर चढतो आणि एकाएकी अंग झाडू लागतो. खाली उभी असलेली मुले हसतात. पण त्याला तांबड्या मुंग्या कडकडून चावत असतात. या मुंग्या पानांच्या कडा ओढून एकमेकींजवळ धरतात आणि आपल्या अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने ती पाने जोडून घरटे बांधतात. त्या झाडावरील पुष्कळ किडी खाऊन टाकतात. चीनमधील इसवी सनाच्या चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात, संत्र्या-लिंबांसारख्या फळझाडांच्या रक्षणासाठी अशा मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचे वर्णन आहे.

वानरांची गोष्ट निराळी. त्यांची टोळी गडग्यावर आली, की पाहुण्या मुलांना मोठी मौज वाटते. राखणदाराचा चेहरा मात्र उतरतो. हल्ली पुष्कळ बागांत राखणीला नेपाळहून आलेली माणसे असतात. डबे वाजवून, फटाके उडवून, कुत्रा सोडून ती दिवसभर बाग सांभाळतात. वानर एक आंबा घेऊन स्वस्थ बसत नाही. एकाचा लचका तोडतो, तो फेकतो आणि दुसऱ्याला हात घालतो. कोवळी पालवीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण आहे, तेव्हा त्याला मारता येत नाही. आणि जंगल तुटून तेथे बागा झाल्या, तर त्याने जावे कोठे, हाही प्रश्न आहेच. त्रासाला कंटाळून काही शेतकऱ्यांनी परसातील भाजीपाला लावणेच सोडून दिले आहे.

वटवाघळे रात्री येतात, त्यामुळे दिवसा बागेत फिरणाऱ्यांना दिसतात ती त्यांनी टाकलेली अर्धवट खाल्लेली फळे. हापूस पुरता पिकण्यापूर्वीच, चौदा आणे तयार झाला की उतरवून गवताच्या आढीत घालतात. म्हणून वटवाघळांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः झाडावरच पिकलेला पाडाचा आंबा आणि रानातील लहान रायवळ आंबा. ती फळ तोंडात धरून दूरच्या झाडावर नेतात, तेथे गर खातात आणि कोय खाली टाकतात. पहिल्या पावसात अशा कोयी रुजतात. त्यांतून हापूस उगवत नाही. पण हापूसचे कलम बांधायचे, तर त्याला खुंट लागतो, आणि तो सहसा रायवळच्या कोयीपासूनच तयार करतात.