लिझीचा सामना कुठे गेला?

रिचर्ड लॉन्क्रेन दिग्दर्शित ‘विम्बल्डन’ २००४च्या सप्टेंबरात पडद्यावर आला, तेव्हा समीक्षकांनी त्याला ना डोक्यावर घेतलं, ना झोडपलं. शिकागोच्या रॉजर एबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले. इतर अनेकांचा सूर मात्र ‘गोड आहे, पण शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळतो’ असा होता. पॉल बेटनीचं कौतुक बहुतेकांनी केलं आणि ते रास्तच आहे. घाबरलेला, स्वतःवरच हसणारा, मनातल्या मनात बडबडणारा त्याचा पीटर कोल्ट हाच चित्रपटाचा कणा आहे.

साचा ओळखीचा होता, हेही खरंच. ‘नॉटिंग हिल’ काढणाऱ्या वर्किंग टायटलचीच ही निर्मिती. तिथे बुजरा इंग्रज आणि अमेरिकन नटी, इथे बुजरा इंग्रज आणि अमेरिकन टेनिसपटू. जागतिक क्रमवारीत ११९वा असलेला, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा पीटर वाइल्ड कार्डवर खेळतो आणि थेट अंतिम सामन्यात पोहोचतो. हे कुणाला अतर्क्य वाटलं असेल, तर त्याला २००१ सालाचा विसर पडला असावा. त्या वर्षी १२५व्या क्रमांकावरचा गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवरच विम्बल्डन जिंकला. उपांत्य फेरीत त्याने ब्रिटनच्या टिम हेन्मनला हरवलं, तो सामना पावसामुळे तीन दिवस चालला होता. ब्रिटिश पुरुष विजेता तर १९३६च्या फ्रेड पेरीनंतर झालेलाच नव्हता. ही भूक चित्रपटाने बरोबर हेरली.

टेनिसच्या बाबतीत कष्टही कमी घेतले नव्हते. १९८७चा विजेता पॅट कॅश सल्लागार होता. २००३च्या स्पर्धेदरम्यान खऱ्याखुऱ्या सेंटर कोर्टवर चित्रीकरण झालं. नटांनी फटक्यांचा अभिनय करायचा आणि चेंडू नंतर संगणकावर घालायचा, अशी युक्ती होती. जाणकार नजरेला ती कधीकधी खटकते; मला तरी चेंडूपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली.

ती म्हणजे लिझी ब्रॅडबरी. कर्स्टन डन्स्टने रंगवलेली ही मुलगी दोघांतली सरस खेळाडू. तिच्या वडिलांना (सॅम नील) प्रेमप्रकरणाने तिचा खेळ बिघडेल अशी धास्ती असते आणि पटकथा त्यांनाच खरं ठरवते! प्रेमात पडल्यावर पीटर जिंकत सुटतो, लिझी उपांत्य फेरीत हरते. पुढे तिच्या वाट्याला काम काय, तर पावसाने अंतिम सामना थांबला असताना पीटरकडे येऊन प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसची खूण सांगायची. ती नंतर यूएस ओपन आणि दोनदा विम्बल्डन जिंकते, हे आपल्याला शेवटी पीटरच्या निवेदनातून उडत उडत कळतं. त्याच्या एका विजेतेपदासाठी अख्खा चित्रपट आणि तिच्या तिन्हींसाठी एखादं वाक्य. शेवट आधीच कळतो ही तक्रार मला त्यामानाने किरकोळ वाटते. प्रेमकथेत तो कळायचाच.

तिकीटबारीवर जगभरात जेमतेम चार कोटी डॉलर जमले. २०१३मध्ये अँडी मरेने ब्रिटनची ७७ वर्षांची प्रतीक्षा संपवली आणि पीटरच्या स्वप्नातली नवलाई गेली. २०२४च्या ‘चॅलेंजर्स’ या टेनिसपटात झेंडायाची ताशी कथेच्या मध्यभागी आली खरी, पण दुखापतीने तिची कारकीर्द संपते आणि शेवटचा सामना दोन पुरुषच खेळतात. ‘विम्बल्डन’ बेटनीसाठी जरूर पाहावा. लिझीवर मात्र त्यात अन्याय झाला आहे.