अनोळखी फाइलचे वाचन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पलूस तालुक्यातील नदीकाठच्या गावांत शिरले. त्या दिवसांतील आपल्या वसतिगृहाच्या आवाराचे चित्रण एका पेन ड्राइव्हमध्ये जपलेले होते. पण ती फाइल कोणत्याही संगणकावर उघडेना. जिच्यातून ती उतरवली, ती डीव्हीआर पेटी केव्हाच निकामी झाली होती. फाइलच्या नावामागे ‘एमपी४’ जोडण्याचा सल्ला अनेकांनी दिला. दारावरची पाटी बदलल्याने आतली माणसे बदलत नाहीत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापुढची वाट अनोळखी नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यावरील छोटे लेख अभ्यासत होते. लिपी अज्ञात, मात्र बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्यांनी हेरले. हे दात्यांचे लेख असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला, ब्राह्मी लिपी उलगडली आणि सम्राट अशोकाचे लेख वाचता आले.

फाइलमध्येही प्रथम पुनरावृत्तीच शोधावयाची. मूळ फाइल बाजूला ठेवून तिची प्रत हेक्स संपादकात उघडली की प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दिसतो. दाहुआ कंपनीच्या फाइलींत ‘डीएचएव्ही’ ही चार अक्षरे प्रत्येक चौकटीच्या आरंभी येतात. आमच्या फाइलीत तशी ओळख नव्हती. परंतु ‘०० ०० ०१’ ही खूण वारंवार आढळली आणि काही ठिकाणी तिच्यामागोमाग ६७, ६८, ६५ हे बाइट क्रमाने येत होते. एच.२६४ पद्धतीच्या चित्रणाची ही नेहमीची चाल आहे: पहिल्या दोहोंत चित्राचा आकार व मांडणी, तिसऱ्यात संपूर्ण चित्र. मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. म्हणून संपूर्ण चित्रापासूनच आरंभ करावा लागतो, अन्यथा पडद्यावर करडे डाग उमटतात.

प्रत्येक चौकटीआधी कंपनीने स्वतःचे काही बाइट घातले होते. त्यांतील चार बाइटांची संख्या दर सेकंदाला एकाने वाढत होती. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याची रीत अनेक यंत्रांत असते. बाइट उलट क्रमाने लावून हिशेब केला, तेव्हा ऑगस्ट २०१९ मधील तारीख निघाली. हे परके बाइट वगळून उरलेला प्रवाह एफएफएमपेग या मुक्त साधनाला दिला. पडद्यावर ओले अंगण, चुलीपाशी बसलेल्या माता आणि कोपऱ्यात आमच्या हिशेबाशी जुळणारी वेळ आली.

आवाज अद्याप हाती लागलेला नाही. चित्रांच्या मध्ये ठरावीक अंतराने येणारे लहान तुकडे आवाजाचे असावेत, असा आमचा तर्क आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे त्या काळातील पेन ड्राइव्ह असल्यास तो फॉरमॅट न करता शाळेत आणून द्यावा. ताडून पाहण्यास दुसरी फाइल मिळेल.